नऊ नंबरचा ओव्हर

“दुपारी झोपलीस का गं, ओहोळ?”

लोंढे सिस्टर ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी दारात उभी राहून पांढऱ्या साडीच्या निऱ्यांना पिन लावत होते. साडेसात वाजत आले होते आणि आठला माझी नाइट सुरू व्हायची होती.

“झोपले की. चांगली चार तास.”

“खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोल. अडीचला तुझ्या मोरीत बादली वाजत होती, चारला तू बाहेर तारेपाशी उभी होतीस आणि साडेपाचला परत धुणं. आहेत तरी किती गं कपडे तुझ्याकडं?”

“गिरणीच्या आवाजानं झोप मोडते, सिस्टर.”

“गिरणीचा पट्टा तुटलाय परवा. बंद आहे गिरणी.”

मी हसून वेळ मारून नेली आणि चप्पल पायात सरकवली. पाठीमागून त्यांचा आवाज आलाच, “एक वेळ मेट्रनला फसवशील, बाई. भिंतीपलीकडच्या शेजारणीला कशी फसवणार?”

मार्था लोंढे म्हणजे आमच्या बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज. सव्वीस वर्षं नोकरी झालेली. तोंडानं अशा फटकळ, की नवे डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर हळू बोलायचे. क्वार्टरमध्ये माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती, हे माझं दुर्दैव, असं मला तेव्हा वाटायचं.

मी अठ्ठावीस वर्षांची होते. तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात लागून मला दीड वर्ष झालं होतं आणि नोकरी अजून कच्ची होती. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. माझी राजी, राजश्री, माझ्या सासूबाईंजवळ गावाकडं होती. तिथं जायला दोन एसट्या बदलून आठ तास लागायचे. हे साखर कारखान्यात फिटर. पगार दोघांचा मिळून बरा होता, पण घर तीन ठिकाणी फुटलं होतं.

आता झाकून काय ठेवायचं? राजी झाल्यावर माझं डोकं बिघडलं होतं. बाळ कुशीत आहे आणि मी भिंतीकडं बघत बसलेय, असे दिवसच्या दिवस. गावात कुणी म्हणे बाधा झाली, कुणी म्हणे नजर. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही, सरळ मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांच्या गोळ्यांनी मी माणसात आले. ते म्हणाले होते, “गोळी रोज रात्री नऊला. आणि झोप चुकवायची नाही. इतरांचं एक वेळ चालेल, तुमचं चालायचं नाही.”

आणि मी नोकरी केली नर्सची!

बरं, नाइट वाट्याला येते तेवढी करावी, तर तेही नाही. आमच्याकडं सात रात्री केल्या की तीन दिवस ऑफ मिळायचा. तीन दिवसांतले दोन प्रवासात. म्हणजे पोरीला दूध पाजून, वेणी घालून परत बॅग उचलायची. मग मला सुचलं, की लागोपाठ चौदा रात्री केल्या तर सहा दिवस ऑफ मिळेल. प्रवास वजा जाता चार दिवस! आणि त्या चारात राजीचा तिसरा वाढदिवस येत होता. नाइट कुणाला हवी असते? मी मागायचा अवकाश, बाकीच्या पोरींनी आनंदानं आपल्या रात्री माझ्या पदरात टाकल्या. ज्याला झोप हेच औषध सांगितलंय, त्यानं रात्री मागून घ्यायच्या, याला काय म्हणावं? पण ओढ लागली की माणसाची अक्कल गहाण पडते.

गोळी घेतली की पाय जड व्हायचे, डोळ्यांवर झापड यायची. म्हणून गोळी बंद केली. तिला दोन आठवडे होत आले होते. दिवसा खोलीत पडावं तर छातीत नुसती धडधड. झोप यायचं नावच नाही. आणि सांगणार कुणाला? कच्च्या नोकरीतल्या बाईच्या कागदावर डोक्याचा आजार लिहिला गेला, तर पुढची ऑर्डर निघेल? आणि गावाकडं कळलं की ही परत बिघडली, तर माझ्या हातात कोण पोर देईल? मी तोंडाला कुलूप घातलं. बारा रात्री झाल्या होत्या. ही तेरावी. ही आणि उद्याची, एवढं निभावलं की मी राजीकडं.

त्या रात्री वॉर्ड तसा शांत होता. अठरा खाटा, सतरा बायका. म्हणजे आधी अठरा होत्या. नऊ नंबरच्या गजराबाईला दमा होता, पण तिला जरा बरं वाटल्याबरोबर दहाच्या सुमाराला जावई टेम्पो घेऊन आला आणि ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून देऊन घेऊन गेला. सुंदरामावशींनी खाट पुसली, धुतलेली चादर घातली, पायथ्याशी लाल ब्लँकेट घडी करून ठेवलं.

“बघा सिस्टर, कशी झाली खाट! झोपून घ्यावं वाटतंय,” मावशी म्हणाल्या आणि आपल्या सतरंजीवर जाऊन घोरायला लागल्यासुद्धा.

मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं. चार नंबरचं सलाईन बदललं, अकरा नंबरच्या म्हातारीला कूस बदलून दिली, सतराव्या खाटेवरच्या पोरीला ताप होता, तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पण जिथं जाईन तिथून मला ती पांढरी चादर दिसे. मला फक्त आडवं व्हायचं होतं. बाकी जगात मला काही नको होतं, पैसा नको, नोकरी नको. आडवं व्हावं, कुशीत राजी असावी, तिचे गरम पाय माझ्या पोटाला टेकलेले असावेत, बस्स.

नर्सनं पेशंटच्या खाटेवर टेकायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं. मी नऊ नंबरशेजारी स्टूल ओढून बसले. तीन वाजले असतील. उशीवर हात ठेवला आणि राजीला डोळ्यांपुढं आणायला लागले. किती वेळ तशी बसले कुणास ठाऊक. मग उठले आणि सकाळच्या कामाला लागले. सगळ्यांचा ताप घेतला, नाडी मोजली, तक्ते भरले. कुठं काही चुकलं नाही. नंतर लोंढे सिस्टरांनी सगळे तक्ते तपासले, तेव्हा सतराच्या सतरा बरोबर निघाले.

सकाळी आठला त्या आल्या. आमच्यात ड्यूटी संपताना ओव्हर द्यावा लागतो. जाणारी सिस्टर येणारीला घेऊन खाटेखाटेपाशी उभी राहते आणि प्रत्येक पेशंटचं सांगते, रात्र कशी गेली, औषध काय दिलं, काय बघायला हवं. येणारीनं वहीत सही केली की ते पेशंट तिचे. मग जाणारीनं मागं वळूनसुद्धा बघायचं कारण नसतं.

मी एक नंबरपासून सुरुवात केली. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, पण शब्द नीट येत होते. सात नंबर झाला. आठ नंबर झाला.

“नऊ नंबर,” मी म्हणाले. “बाई, वय अठ्ठावीस. रात्रभर झोप नाही. तीन वाजता उठून बसली होती. रडत होती, पण आवाज न करता. नाडी एकशे बारा. डबा तसाच आहे, घास खाल्लेला नाही.”

लोंढे सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी खाटेकडं बघितलं. चादरीवर सुरकुती नव्हती.

फिनेलची बादली घेऊन चाललेल्या सुंदरामावशी मध्येच बोलल्या, “अवो सिस्टर, नऊ नंबर तर रात्रीच...”

“मावशी, तुम्ही दहा नंबरचं भांडं उचला आधी,” लोंढे सिस्टर म्हणाल्या. एरवी त्या मावशींशी अशा बारीक आवाजात कधी बोलत नसत. मग माझ्याकडं वळल्या. “हं. पुढं सांग. औषध काय चालू आहे?”

“गोळी आहे. रात्री नऊची. दोन आठवडे घेतलेली नाही.”

“का?”

“घेतली की झोप येते.”

“मग येऊ दे की.”

“तिला झोपून चालत नाही, सिस्टर. ड्यूटी असते.”

त्या वहीत लिहीत होत्या. खरोखरच लिहीत होत्या, माझ्या तोंडाकडं न बघता. “हा त्रास पहिल्यांदाच?”

“नाही. बाळंतपणानंतर झाला होता. मिरजेला दाखवलं होतं. बरी झाली होती.”

“घरचं कुणाला माहीत आहे?”

“या खेपेचं कुणाला नाही. सांगितलं तर पोर देणार नाहीत म्हणते.”

“पोर केवढं आहे?”

“मुलगी. तीनला पाच दिवस कमी.”

“आणि पेशंटची मुख्य तक्रार काय?”

आठ नंबरची बाई उशीवरून मान वर करून ऐकत होती.

“मुलीचा चेहरा आठवत नाही म्हणते,” मी म्हणाले. “फ्रॉक आठवतो. पायातलं वाळं आठवतं. केसांचा वास आठवतो. चेहरा आणायला गेलं की नुसता गोल येतो, त्यात काही नसतं. रात्री दोन तास बसून बघितलं तिनं, सिस्टर. नाही आला.”

हे बोलले आणि माझी नजर खाटेवर गेली. पायथ्याशी ब्लँकेटची घडी तशीच होती. उशीवर माझ्याच हाताचा ठसा होता. अगं बाई! मी दहा वर्षांत हजारो ओव्हर दिले असतील, शिकत असल्यापासून. कधी एका खाटेची चूक झाली नव्हती.

“सिस्टर, मी... गजराबाई रात्रीच गेल्या. मी चुकून...”

“काही चुकलेलं नाही,” लोंढे सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वहीत झपकन सही केली आणि पेन खिशाला लावलं. “घेतला मी ओव्हर. आता नऊ नंबर माझा. त्यात तू तोंड घालायचं नाही.”

मग त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि ते न सोडता म्हणाल्या, “चल, दहा नंबर सांग.” बाईंची शिस्त बघा! दहापासून अठरापर्यंत प्रत्येक खाटेपाशी त्यांनी मला उभं केलं, सगळं ऐकून घेतलं, सह्या केल्या आणि मग मला परत नऊ नंबरपाशी आणलं.

“झोप.”

“इथं? बायका बघतायत, सिस्टर!”

“बघू देत. सतरा जणी आजारी आहेत, तू अठरावी. कुणाला काय त्याचं?”

“पाया पडते तुमच्या. मेट्रनना सांगू नका. एकच नाइट राहिलीय हो. आजची एक केली की मला सहा दिवस मिळतात. पोरीचा वाढदिवस आहे.”

“पेशंटनं नाइट करायची नसते.”

“माझी ऑर्डर थांबवतील!”

“थांबवू देत. मी बसेन मेट्रनच्या दारात.” त्यांनी माझ्या केसांतल्या पिना काढल्या, एकेक करून. “सव्वीस वर्षांत तीन पोरी गमावल्यात मी या क्वार्टरमधून, ओहोळ. तिघींनी माझ्याशी हसून वेळ मारून नेली होती. चौथी नाही जाऊ देणार.”

डॉक्टर आले, इंजेक्शन लिहून दिलं. तोवर त्या ऑफिसात जाऊन आल्या. मला गुंगी यायला लागली होती, तरी मी विचारलंच, “कुठं गेला होतात?”

“फोन करायला. कारखान्यावर.”

“काय सांगितलंत?”

“आहे तेच. तुमची करुणा आजारी आहे, तिला पोरीची ओढ लागलीय, पोरीला घेऊन या.”

मी उठून बसले. माझ्या अंगात कुठून एवढा जोर आला कोण जाणे. “आता आणतील होय ते? वेड्या बाईकडं कुणी पोर आणतं का? माझी राजी घालवलीत तुम्ही! मी कशी जपली होती हो ही गोष्ट, इतके दिवस! तुम्हाला स्वतःचं पोर नाही, तुम्हाला काय कळणार?”

हे मी बोलायला नको होतं. लग्न न करता आयुष्य काढलेली बाई ती. लोंढे सिस्टरांनी मला खांद्याला धरून खाली झोपवलं आणि ब्लँकेट ओढलं.

“दे शिव्या,” त्या म्हणाल्या. “उठल्यावर आणखी दे. आता डोळे मीट.”

पुढच्या दोन दिवसांतलं मला ऐकूनच माहीत आहे. त्या खरंच मेट्रनच्या दारात बसल्या, आणि एकदा नाही, तीनदा. मला महिनाभर आजारपणाची रजा मिळाली, नंतर दोन वर्षं नाइट लागली नाही. ऑर्डर मात्र चार महिने अडली. दवाखान्यात ‘नऊ नंबर’ हे माझं नाव पडलं. पाठीमागं म्हणायचे, कधीकधी तोंडावरही. गोळी आजही चालू आहे. आता निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली आणि लोंढे सिस्टर तर जाऊनच बारा. त्यांची माफी मी पुढं पन्नासदा मागितली, आणि त्या दर वेळी म्हणाल्या, “कशाबद्दल गं? तेव्हा तू पेशंट होतीस.”

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं.

मला वॉर्डातून क्वार्टरमध्ये, लोंढे सिस्टरांच्या खोलीत आणून झोपवलं होतं, तेही मला कळलं नव्हतं. जाग आली तेव्हा अंग शिशाचं झालं होतं, पापण्या उचलत नव्हत्या. उन्हाची तिरीप तोंडावर होती. कुठंतरी फोडणी बसली होती. आणि जवळच कुणीतरी बोलत होतं.

“ही बाई कधी उठनार?”

“उठंल की. हळू बोल.”

“काल बी झोपली हुती. आज बी झोपली.”

“लई राती जागलीय गं ती. झोपू दे तिला.”

दुसरा आवाज आत्याबाईंचा होता, माझ्या सासूबाईंचा. पहिला कुणाचा ते मला कळलं, पण मी विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्या आठवड्यात माझ्या डोक्यानं मला एवढं फसवलं होतं, की डोळे उघडले आणि खोली रिकामी निघाली तर काय, या भीतीनं मी पडून राहिले. श्वाससुद्धा जपून घेत होते. आत्याबाई ह्यांचा निरोप पोचल्याच्या रात्रीच निघाल्या होत्या, दोन एसट्या बदलून, पोरीला खांद्यावर टाकून. वाढदिवसाचा फ्रॉक पिशवीत होता. ज्या बाईला मी दीड वर्ष घाबरले, ती आल्यावर लोंढे सिस्टरांना एवढंच म्हणाली होती, “मला आधी का न्हाई कळवलं?” हे मला मागाहून समजलं. तेव्हा मला फक्त बारकी पावलं ऐकू येत होती, खाटेच्या जवळ येणारी.

पावलं थांबली. माझ्या गालावर गरम श्वास आला, त्याला गुळाचा वास होता. मग एक चिकट, इवलासा अंगठा माझ्या डोळ्यावर टेकला आणि तिनं माझी पापणी वर ओढली.

इतक्या जवळ होती, की सगळी एकदम दिसेचना. एक डोळा दिसला, काळाभोर. शेंबडं नाक. ओठाला लागलेला गूळ. डाव्या भुवईत बारीक खोक, ती मला माहीतच नव्हती. मी एवढं बघितलं न बघितलं तोच तिनं दचकून हात काढला आणि पळत सुटली.

“आज्जे! बाई उठली! बाई उठली!”

“बाई न्हवं गं, येडे. आई हाय ती तुजी.”

राजी चुलीपाशी जाऊन आज्जीच्या पदरामागं उभी राहिली असावी. मला आई म्हणायला तिला पुढं दोन महिने लागले. त्या दिवशी मात्र माझ्या कानांवर पाणी ओघळत होतं आणि मी उठत नव्हते. झोप तर केव्हाच उडाली होती. मी डोळे परत घट्ट मिटून घेतले आणि तशीच पडून राहिले, तिनं पुन्हा यावं आणि माझी पापणी उघडावी म्हणून.